किलो आणि कागद : तेलगावच्या वाटांसाठी हलकी जुनी डर्ट बाईक

डर्ट बाईक या एका नावाखाली दोन वेगळ्या कामांच्या गाड्या येतात. ट्रेलची गाडी वाटेने जाण्यासाठी असते. बैलगाडीची चाकोरी, ओढ्याचे पात्र, डोंगरावरची गुराखी वाट हे तिचे क्षेत्र. तिला दिवा असतो, पेट्रोलची टाकी बऱ्यापैकी असते, इंजिन कमी वेगातही ओढते आणि दिवसभर चालवूनही ती माणसाला फार दमवत नाही. मोटोक्रॉसची गाडी बंद रिंगणात, उड्या आणि वळणांवर पंधरा-वीस मिनिटे जीव तोडून पळण्यासाठी बांधलेली असते. तिला दिवा नाही, आरसा नाही, साइड स्टँडही बहुधा नाही. टाकी सहा-सात लिटरची, शॉकअपचा प्रवास ३०० मिलिमीटरच्या आसपास आणि सीट ९५० मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे साधारण उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. एकाच गाडीने दोन्ही शौक भागवायचे म्हटले की कुठेतरी तडजोड करावी लागते. ती कोणत्या बाजूला करायची, हे गाडी कोणत्या जमिनीवर चालणार यावर ठरते.

तेलगावची जमीन या बाबतीत बोलकी आहे. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. माजलगावच्या बाजूला काळी जमीन, ऊस, कालव्याकडेची कच्ची वाट आणि सिंदफणेवरच्या धरणाचा फुगवटा. धारूरच्या बाजूला बालाघाटचा चढ, मुरूम, सुटा दगड आणि घाट. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा धरतो की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरून चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी गाडी ढकलावी लागते, नाहीतर उचलून बांधावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात त्याच मातीची पिठासारखी धूळ होते. पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेवर थंड होणारे इंजिन पहिल्या-दुसऱ्या गियरच्या चढाला तापून मलूल पडते. माळावर येडी बाभूळ आहेच. तिचा काटा टायर जुना की नवा हे बघत नाही.

म्हणून इथे हलकेपणा म्हणजे शोभेचा गुण नाही. चिखलात रुतलेली किंवा घसाऱ्यावर आडवी झालेली गाडी एकट्याला उभी करता आली पाहिजे, ही त्याची खरी कसोटी. शर्यतीतला स्वार वजनाचा विचार वेगासाठी करतो. माळावरचा स्वार तो घरी परतण्यासाठी करतो.

वजनाचे आकडे वाचताना मात्र एक चलाखी ओळखावी लागते. काही पत्रकांत पेट्रोल, ऑइल आणि बॅटरीशिवायचे कोरडे वजन असते, तर काहींत टाकी भरलेल्या गाडीचे. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलोचे असते, त्यामुळे तेरा लिटरची टाकी भरली की दहाएक किलोची भर पडते. तीही गाडीच्या सर्वांत वरच्या भागात, जिथे ती तोलाला सर्वांत जास्त नडते. जवळच्या फेरीला अर्धी टाकी ठेवली तर पाच किलो फुकटात उतरतात. बाजारात तेवढेच वजन उतरवण्यासाठी महागडी बॅटरी आणि वेगळा सायलेन्सर घ्यावा लागतो. वजन कुठे आहे यालाही किंमत आहे. खाली, इंजिनाजवळ असलेले वजन फारसे जाणवत नाही. मागच्या कॅरिअरवरचे, हँडलवरचे आणि चाकांमधले वजन हाताला लगेच कळते.

पेट्रोलसह धरले तर आजची २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी १०५ ते १०८ किलोची असते आणि १२५ सीसी टू-स्ट्रोक ९५ किलोच्या आसपास. भारतात नंबरप्लेटसह मिळणाऱ्या बहुतेक ‘ऑफ-रोड’ गाड्या यापेक्षा पन्नास ते शंभर किलोंनी जड आहेत. याच फरकात सगळा प्रश्न अडकलेला आहे. या बाजारात किलो जसे कमी होतात तसे कागदही कमी होतात. अगदी हलक्या गाड्यांना आरसी बुकच नसते.

खालून वर यायचे तर सुरुवात एका अनपेक्षित गाडीपासून करावी लागते. शेताच्या बांधावरून दोन कॅन अडकवून रोज सकाळी डेअरी गाठणारा दूधवाला ज्या स्प्लेंडरवर बसतो ती ११२ किलोची आहे, म्हणजे शोरूममधल्या बहुतेक ‘ॲडव्हेंचर’ गाड्यांपेक्षा हलकी. तिचे शॉकअप आखूड, जमिनीपासूनची उंची कमी आणि ताकद आठ हॉर्सपॉवर. उडी मारायची तर ती गाडी नव्हे. पण कच्च्या वाटेवर तोल सांभाळणे, क्लच अर्धा धरून चढणे, पायांवर उभे राहून चालवणे हे सगळे तिच्यावर शिकता येते आणि पडली तर नुकसान पायदान-लिव्हरपुरते. ज्याला अजून शौक आहे की नाही हेच ठरायचे आहे, त्याने पहिला मोसम अशा गाडीवर काढणे शहाणपणाचे आहे.

त्यानंतर जुन्या टू-स्ट्रोक गाड्या. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभराच्या वर. भारतीय मोटोक्रॉसची जुनी फळी अशाच रस्त्याच्या गाड्या सोलून घडली. आधी येझदी, मग आरएक्स आणि सुझुकी शोगन यांचे दिवे-मडगार्ड उतरवून, हँडल बदलून आणि मागचे शॉकअप उंच करून त्या मातीत उतरवल्या जात. आज मात्र हा मार्ग आतबट्ट्याचा आहे. चांगली आरएक्स हौशी संग्राहकांनी महाग करून ठेवली आहे, अस्सल सुटे भाग मिळत नाहीत आणि स्वस्तात मिळते तिचे चेसिस बहुधा कुणीतरी आधीच कापून जोडलेले असते. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीचे पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर हा खर्च वेगळाच. जुन्या आठवणींसाठी आरएक्स घ्यावी. ट्रेलसाठी दुसरे पर्याय आहेत.

हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली. देशात सहज मिळणारी, मातीसाठी रचलेली ही पहिली खरीखुरी गाडी म्हणता येईल. १४९ सीसी, सुमारे तेरा हॉर्सपॉवर, वजन १३४ किलो. खप झाला नाही आणि काही वर्षांत ती बंद पडली. रस्त्यावर संथ आणि उंचीला गैरसोयीची अशी तिची तक्रार होत असे, पण माळावर हेच दोष पथ्यावर पडतात. इंजिन साधे, कार्बोरेटरचे आणि गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला उघडता येणारे. प्लास्टिकचे भाग, सीट आणि शॉकअपचे अस्सल सामान शोधावे लागते, हा तिचा खरा अडसर. धडधाकट इम्पल्स हाती आली तर ट्रेलसाठी ती आजही उत्तम सौदा आहे. वापरलेल्या बाजारात तिला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने ते बरेच आहे.

सर्वांत मोठा जुना साठा हिरोच्याच एक्सपल्स २००चा आहे. मे २०१९ मध्ये ती आली तेव्हा कार्बोरेटरवाल्या गाडीची शोरूम किंमत ९७ हजार होती. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचे चाक, पुढच्या शॉकअपचा प्रवास १९० मिलिमीटर, मागचा १७०, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर, ताकद १८ हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे २१ इंचाचे चाक असल्याने दगडावर ती सहज चढते आणि बटण टायर निवडायला भरपूर वाव राहतो. वजन सुरुवातीला १५४ किलो होते, बीएस-६ नंतर ते तीन-चार किलोंनी वाढले. ऑइल-कूलर मात्र त्याच बदलात आला आणि मराठवाड्याच्या उन्हात ती भर सार्थकी लागते. ऑक्टोबर २०२१ मधल्या चार व्हॉल्व्हच्या गाडीला वरच्या वेगात थोडी जास्त जान आहे. २०२३ची प्रो आवृत्ती शॉकअपचा प्रवास पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरवर नेते, पण सीट ८९१ मिलिमीटरवर जाते. साडेपाच फुटी स्वाराने ती चिखलात थांबवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ (२०१६ मध्ये आलेली) आणि केटीएमची ३९० ॲडव्हेंचर (२०२० मध्ये आलेली) या हलक्या गाड्यांच्या चर्चेत नेहमी येतात, पण त्या इथल्या नव्हेत. हिमालयन पेट्रोलसह १९० किलोंच्या पुढे जाते. लांबच्या प्रवासाला ती भक्कम आहे, पण धारूर घाटाखालच्या ओढ्यात आडवी झाली तर उचलायला दुसरा माणूस बोलवावा लागतो. अशी गाडी असलेलाच बहुधा ‘आता हलकी हवी’ म्हणत निघतो.

कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख ३० हजारांना भारतात आली आणि पुढच्या वर्षी देशात बनू लागल्यावर किंमत बरीच उतरली. २३३ सीसी, १८ हॉर्सपॉवर, शॉकअपचा प्रवास पुढे २४० आणि मागे २५० मिलिमीटर, आणि वजन १३९ किलो. नंबरप्लेट, दिवे आणि हलकेपणा हे तिन्ही एकत्र देणारी तिच्यासारखी गाडी या बाजारात क्वचितच मिळते. वापरलेल्या केएलएक्स अजून मोजक्या आहेत. सौदा करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. किंमत उतरण्याआधी घेतलेली गाडी विकणारा जुन्या किमतीचा हिशेब मांडतो, तर घेणाऱ्याने आजच्या नव्या गाडीची किंमत धरून बोलायला हवे. सर्व्हिससाठी मोठे शहर गाठावे लागते, उलट हिरोचे सामान तालुक्याच्या गावी मिळते. ऊस तोडणीच्या मोसमात क्लच केबल तुटली आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली, तर पंधरा किलो कमी असल्याचा आनंद राहत नाही.

खऱ्या मोटोक्रॉस गाड्या म्हणजे कावासाकीच्या केएक्स आणि यामाहा, होंडा, केटीएम यांच्या आयात केलेल्या. जबर आयात शुल्कामुळे त्यांची किंमत अनेक लाखांत जाते. वापरलेल्या गाड्या बहुधा पुणे, नाशिक, बंगळूर, कोइमतूर, केरळ अशा शर्यतीच्या वर्तुळातून निघतात. नाशिक-पुण्यात राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या होत आल्या आहेत आणि २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. या वर्तुळात गाडीचे वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. इंजिन ऑइल पाच-सहा तासांनी बदलायचे. १२५ सीसी टू-स्ट्रोकचा पिस्टन वीस ते चाळीस तासांनी, २५० फोर-स्ट्रोकचा चाळीस-पन्नास तासांच्या आसपास. टू-स्ट्रोकचा पिस्टन गावातला कसबी मेकॅनिकही बसवू शकतो आणि खर्च आवाक्यात राहतो. फोर-स्ट्रोकचे हेड, टायटॅनियम व्हॉल्व्ह आणि क्रँक यांचे काम निघाले तर जुन्या एक्सपल्सइतका पैसा त्यातच जातो. म्हणून वापरलेली मोटोक्रॉस गाडी घ्यायचीच तर पहिल्यांदा १२५ टू-स्ट्रोक पाहावी. ४५० सीसीचे नाव नवशिक्याने काढू नये. तिचे वजन २५०पेक्षा थोडेच जास्त असते, पण मनगट जरा वळले तरी ती स्वाराच्या हातून निसटते.

या गाड्यांना आरसी नसते, कारण त्या रस्त्यासाठी मंजूरच झालेल्या नसतात. मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट तीत येते. पाणंद आणि गावाची शीव ओलांडणारा गाडीरस्ताही त्यात मोडतो. नोंदणी आणि विमा नसलेली गाडी अशा वाटेवर घातली तर दंड होतो आणि अपघात झाला तर नुकसानभरपाई पूर्ण अंगावर येते. मग उरते ती स्वतःची पड जमीन, ऊस निघाल्यावर रिकामे झालेले रान किंवा परवानगी असलेले बंद रिंगण. तिथपर्यंत गाडी छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये घालून न्यावी लागते. हलक्या गाडीच्या किमतीत हे भाडे, दोन पट्टे आणि एक फळीही धरावी.

विनानंबर गाडीची मालकी सिद्ध करणारे कागद दोनच : मूळ विक्रीचे बिल आणि आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचा दाखला. दोन्हींवरचा चेसिस नंबर हँडलच्या कण्यावर ठोकलेल्या नंबराशी स्वतः बोट ठेवून जुळवावा. बिल ‘हरवलेले’ असेल तर गाडी कितीही चांगली असली तरी सौदा तिथेच सोडावा.

नंबरप्लेटच्या गाडीचे कागद सोपे वाटतात, पण घोळ तिथेही होतो. बीडची एमएच-२३ किंवा अंबाजोगाईची एमएच-४४ पासिंग असेल तर काम जवळचे. पुण्या-मुंबईची गाडी घेताना तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र. बोजा आहे की नाही, विमा चालू आहे की नाही, हे परिवहन विभागाच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा तो आधार बरा. आरसीवरची तारीख इंजिनाबद्दलही सांगते. १ एप्रिल २०२०च्या पुढची बीएस-६ गाडी बहुधा इंजेक्टरची असते, म्हणून डोंगरात आणि थंडीत पटकन सुरू होते. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत मात्र रबरी नळ्या आणि वॉशर तपासावेत. पेट्रोलमधले इथेनॉल आता २० टक्क्यांवर गेले आहे आणि जुने रबर त्याने फुगते. ऊसपट्ट्यातल्या माणसाला इथेनॉल काय आहे हे वेगळे सांगायला नको.

बदल केलेल्या गाड्यांबाबत सावध राहावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी रचना केलेले वाहन नोंदणीस पात्र ठरत नाही. उघडा सायलेन्सर, कापलेले मागचे चेसिस, काढून टाकलेले दिवे असलेली एक्सपल्स दिसायला शर्यतीची वाटते. नावावर करताना तीच अडचण ठरते. मूळ सामान पोत्यात बांधून देणारा विक्रेता मात्र भला समजावा.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि न कळवता इंजिनावर हात ठेवावा. ते गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना काढणारा आवाज आणि निळा धूर ऐकू-दिसू नये, अशी व्यवस्था झालेली असते. मग एअर फिल्टरचे झाकण उघडावे. काळ्या मातीच्या भागात यापेक्षा बोलकी तपासणी दुसरी नाही. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट फिरवले आणि धूळ लागली, तर बोअर-पिस्टन घासला गेला आहे असे धरून बोलावे. ऑइल काचेत किंवा काडीवर दुधाळ दिसले तर गाडी कधीतरी ओढ्यात बुडालेली असते. इंजिनाखालची पत्र्याची ढाल चेपलेली असणे हा दोष नव्हे. ती नवी कोरी असणे अधिक संशयास्पद, कारण जुनी का बदलली हे विचारावे लागते.

पुढचे चाक अधांतरी धरून हँडल हळू फिरवले आणि मधोमध खटका लागला तर कोनसेट गेला. मागचे चाक आडवे हलवल्यावर खेळ जाणवला तर चिमट्याचे बुश गेले. दोन्ही कामे किरकोळ आहेत, पण भाव करायला पुरेशी. तारांवर पान्याने टिचकी मारत जावे, आवाज सारखा यायला हवा. शॉकअपच्या नळीवर नखात अडकेल असा ओरखडा असेल तर नवे सील टिकत नाही. हँडलच्या कण्याजवळची आणि पायदानाच्या बुडाची वेल्डिंग चांगल्या उजेडात पाहावी. तिथे ताजा रंग असेल तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. मालकाच्या उत्तरावरून पुष्कळ कळते.

फेरी मारताना सपाट रस्ता पुरत नाही. तेलगावच्या माणसाला धारूर घाट हाताशी आहे. चढाला तिसऱ्या गियरमध्ये एकदम रेस दिली आणि आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच प्लेटा संपल्या. उतरताना रेस सोडून परत दिली आणि निळा धूर आला, तर व्हॉल्व्हचे सील गेले. दुसरा-तिसरा गियर आपोआप सुटतो का, हे मातीत चालवलेल्या गाडीत हटकून पाहावे, कारण सततच्या झटक्यांनी याच गियरचे दात झिजतात. शेवटी गाडी मुद्दाम हळूच आडवी करावी, मालकाला सांगून, आणि एकट्याने उचलून पाहावी. पत्रकातल्या आकड्यांपेक्षा ही चाचणी जास्त खरे सांगते.

घेतल्यावर पहिला खर्च चेनसॉकेट, ऑइल, फिल्टर आणि टायर-ट्यूबवर होतो. ठरवलेल्या पैशांपैकी पाचवा भाग त्यासाठी बाजूला ठेवलेला बरा. बटण टायरमध्ये ऑफ-रोडवाले पंधरा-अठरा पौंड हवा ठेवतात. सुट्या दगडाच्या घाटात एवढ्या कमी हवेवर ट्यूब रिमला चेपून फाटते, म्हणून इथे वीसच्या खाली जाऊ नये आणि जाड ट्यूब घालावी. काट्यांसाठी ट्यूबमध्ये घालायचे सीलंट आणि सोबत पंप हवाच. चढ जड जात असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी मागचे चक्र दोन-तीन दातांनी मोठे करून पाहावे. वेग थोडा उतरतो, पण अर्ध्या क्लचवर जळणाऱ्या प्लेटा वाचतात.

वाटांच्या बाबतीतही भेद करावा लागतो. कालव्याकडेची वाट पाटबंधारे खात्याची असते, गायरान गावाचे असते, बालाघाटातल्या राखीव वनात वनखात्याची परवानगी लागते आणि पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणी वाट सोडून गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. पेरलेल्या रानातून जाणे तर कोणत्याही कायद्याआधी शेजाऱ्याशी वैर ओढवून घेते. अठरा वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक वाटेवर अशी गाडी दिली तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शर्यतीच्या वाटेने जायचे असेल तर बंद रिंगण आणि एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धा परवाना हाच रस्ता आहे. तिथे देशी आणि परदेशी गाड्यांचे गट वेगळे असतात, त्यामुळे एक्सपल्स घेऊन गेलेल्याला थेट केएक्ससमोर उभे राहावे लागत नाही.

सौदा ठरला की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. परराज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवस मिळतात. गाडी नावावर होईपर्यंत तिच्या अपघाताची आणि दंडाची जबाबदारी जुन्या मालकावर जाते, म्हणून ताबा देता-घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनीही जवळ ठेवावी.